उशाशी प्लग

"मग सर, तुम्ही झोपता कुठे?"

नागपूरला धंतोलीत, दवाखान्यांच्या गर्दीतल्या एका छोट्या दुकानात, काउंटरमागच्या पोरीनं हे विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. वय, वजन, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट, मशीनचं प्रेशर, मास्क नुसत्या नाकाचा की तोंडासकट, सगळं मी रेशनकार्डावरची नावं सांगावी तसं घडाघडा सांगितलं होतं. झोपेत ज्यांचा श्वास अडतो त्यांच्या नाकाला हवा देत राहणारं सीपॅप मशीन घ्यायचं होतं, प्रवासात नेता येईल असं लहान. महिन्यातून किती रात्री बाहेर, असं तिनं विचारलं तेव्हा 'सीझनमध्ये वीस-बावीस' म्हणून मोकळा झालो. हॉटेलात का, म्हणाली, तर मी हसलो. मग तिनं पेन वर धरून, अगदी सरळ चेहऱ्यानं तो प्रश्न टाकला. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. तिच्या मनात काही नव्हतं. पण छप्पन वर्षांच्या माणसाला, ज्याची बायको हिंगणघाटकडच्या खेड्यात आणि जो वर्षातले पाच महिने घराबाहेर, त्याला असं कोणी विचारलं की का कोण जाणे, कान तापतात. 'विचार करून सांगतो' असं काहीतरी पुटपुटलो, चार माहितीपत्रकं पिशवीत कोंबली आणि गणेशपेठच्या स्टँडवर येऊन एसटीत बसलो. बुटीबोरी गेली, जाम गेलं, पण प्रश्न काही जाईना. कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र म्हणजे जिन, त्याच्या सुरीत सरकी अडकली की रोलर फिरत राहतो आणि कापूस पुढं सरकत नाही, तसं झालं.

मी जिनिंगचा फिटर. डबल रोलर जिनची कामं करतो. रोलर घासले की बदलतो, त्यांना चर पाडतो, बीटर जुळवतो, सक्शनची लाइन पाहतो. दसरा झाला की फोन सुरू होतात आणि होळीपर्यंत मी माझ्याच घरात पाहुणा. वणी, मारेगाव, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, कधी आर्वी-पुलगाव, कधी पार आदिलाबाद. तर झोपतो कुठे? खिडकीला डोकं टेकून मी मनातल्या मनात यादी करायला लागलो. मालकाच्या गेस्ट रूममध्ये, जिथं लोखंडी पलंग असतो आणि गादीत कोणत्या सालची रुई आहे ते देवाला ठाऊक. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर गावी गेला असेल तर ग्रेडरच्या खोलीत. हमालांच्या पत्र्याच्या खोलीत, अकरा जणांत बारावा. मुकादमाच्या ओसरीवर, बाजेवर. एकदा मारुतीच्या देवळात, सप्ताहाला आलेल्या टाळकऱ्यांच्या रांगेत. ट्रकच्या केबिनमध्ये तर कितीदा. पण सगळ्यात सुंदर झोप म्हणाल तर कापसाच्या गंजीच्या आडोशाला. दिवसभर ऊन खाल्लेला कापूस मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो, सरकीचा तो तेलकट, किंचित गोड वास नाकात जातो आणि माणूस केव्हा गेला ते त्यालाच कळत नाही. 2018 साली मात्र तेही बंद झालं होतं. नोव्हेंबरात ती नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण मारली जाईपर्यंत राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात उघड्यावर बाज टाकायची कोणाची छाती नव्हती. त्या दसऱ्यानंतर आम्ही सगळे एका खोलीत, दाराला आतून पहार लावून. तेव्हा माझं घोरणं ऐकून एक हमाल म्हणाला होता, "भाऊ हाय तोवर वाघ येत नाही बाप्पा, त्याले वाटते आतमधी दुसरा वाघ हाय."

सगळे हसले. मीही हसलो.

जिनिंगच्या आवाजात झोप येते का, असं बाहेरची माणसं विचारतात. येते. आवाजातच येते. अठ्ठावीस-तीस जिन एका ओळीत चालतात, वरून सक्शनचा पाइप घोंघावत असतो, गाठी बांधणाऱ्या प्रेसचा धक्का अधूनमधून जमिनीतून पाठीत येतो, आणि त्या सगळ्याची मिळून एक घोंगडी होते, ती अंगावर घेऊन झोपायचं. जाग येते ती आवाज थांबला की. पट्टा तुटला, लाइन गेली, रोलर जाम झाला, की मी झोपेतून ताडकन उठून बसलेला असतो, कोणी हाक मारायच्या आधी. पस्तीस वर्षांत ही सवय हाडात गेली आहे. आमची बायको लग्नाच्या पहिल्या वर्षीच म्हणाली होती, तुमच्या घोरण्यानं मला काही होत नाही, घोरणं थांबलं की मात्र जाग येते. मला ते कौतुक वाटलं होतं. फिटरची बायको शोभते, म्हणालो होतो. ती काय ऐकत होती, हे समजायला मला पुढं एक चौकीदार लागला.

वणीकडच्या एका जिनिंगमध्ये, तीन वर्षांपूर्वी, पौषातल्या थंडीत. गेस्ट रूमचं दार लागत नव्हतं म्हणून मी ते तसंच उघडं ठेवून झोपलो. चौकीदार सत्तरीचा, डोक्याला मफलर, आवारात बिडी चालत नाही म्हणून गालात खर्रा. सकाळी उठलो तर दाराशी स्टूल आणि स्टुलावर हा बसलेला. डोळे लाल. मला वाटलं, चोर-बीर आला होता का रात्री. तो काही बोलला नाही. चहा आणून दिला, मी प्यालो, आणि मग थोडा वेळ जमिनीकडे पाहत त्यानं विचारलं, "घरी कोन हाय तुमचं?" मी सांगितलं, बायको आहे, पोरगी आहे. "तेयले मालूम हाय का?" काय मालूम? मग म्हातारा सांगायला लागला. "रातभर तुमचं इंजन बंद पडे. बंद पडे अन् मंग खर्रकन चालू होये. मले वाटलं, गेला मानूस. बंद पडलं का मी उठो, चालू झालं का बसो. कितीक डाव झालं, मोजता मोजता थकलो मी." त्यानं ते तक्रारीनं सांगितलं नाही. रात्री गाय व्यायली तर गोठ्यात बसून राहावं लागतं, तसं बसून राहिला, एवढंच. मी मात्र त्या दिवशी तीन जिनचे रोलर चुकीचे बसवले आणि पुन्हा उतरवले.

नागपूरला तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. रिपोर्टात लिहून आलं, तासाला 41 वेळा. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडला तरच तो एकदा मोजतात, आणि तासाला 30 च्या वर गेलं की गंभीर. म्हणजे दीड मिनिटाला एकदा माझं जिन जाम होत होतं. आणि दुसऱ्याच्या मशीनचा आवाज थांबला की उठून बसणाऱ्या फिटरला स्वतःचं मशीन थांबलेलं माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मेंदू उठवतो तुम्हाला प्रत्येक वेळी, म्हणून तर श्वास परत सुरू होतो. फक्त ते उठणं तुमच्या लक्षात राहत नाही. रात्रभर उठणारा माणूस दिवसा पेंगणारच. ट्रकवाल्याशेजारी बसून पेंगायचो, ते वयानं असेल असं समजत होतो. मोटरसायकलवर एकदा डोळा लागला होता, ते मी घरी अजून सांगितलेलं नाही. इथं लिहितोय, म्हणजे आता कळेल.

आमचे बाबाही घोरायचे. गावात तो मोठेपणा होता. घोरणारा माणूस म्हणजे कष्टानं थकलेला, मनानं निश्चिंत, कर्ज नसलेला. कर्ज होतं, ते सोडा. वैशाखात अंगणात बाजा टाकायचो तेव्हा मी त्यांच्या घोरण्यावर झोपायचो आणि मध्येच सगळं शांत झालं की चांदण्या जास्त स्वच्छ दिसायच्या, असं मला लहानपणी वाटायचं. एकसष्टाव्या वर्षी ते झोपेतच गेले. सकाळी आई उठवायला गेली तेव्हा अंग थंड. पुण्यवान माणूस, काही सोसलं नाही, कोणाला सोसायला लावलं नाही, असं सारं गाव म्हणालं आणि आम्हालाही त्याचा आधार वाटला. रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला ते 'पुण्यवान' आठवलं. बाबांना नेमकं काय झालं होतं हे आता कोणी सांगू शकत नाही आणि मी कोणाला विचारतही नाही. आईसमोर तर नाहीच.

या दुखण्यातलं माझ्या धंद्याचं जेवढं आहे तेवढं मला पटकन कळलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं येते, आणि श्वास आत ओढला की ती सैल नळी आतल्या ओढीनंच मिटते. कापडी सक्शन पाइप तोंडाशी गच्च झाला की मधे पिचकतो, तसंच. आम्ही काय करू? आतून हवा भरू. हे मशीन तेच करतं. नाकावाटे एका दाबानं हवा सोडत राहतं आणि त्या हवेचा टेकू घशाला लागून राहतो. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी 1980 मध्ये हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीचा ब्लोअर उलटा वापरला होता, आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. ते वाचून मला बरं वाटलं. म्हणजे हा मूळचा आपल्यातलाच इलाज. दाबही पाण्याच्या उंचीत मोजतात, 4 ते 20 सेंटिमीटर. आमच्याकडे ब्लोअरचं प्रेशर पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, काचेच्या वाकड्या नळीत पाणी किती चढलं ते पाहून. माझं प्रेशर 11 च्या आसपास, म्हणजे 110 मिलिमीटर. एवढ्यात तर रुईची पुंजकी नीट उडत नाहीत, पण माझा घसा उघडा राहतो. पहिल्या आठवड्यातच सकाळी डोकं असं हलकं झालं की घरात कोणी खिडकी उघडली का, असं वाटायचं.

तर घरी मोठं मशीन आलं. सव्वा किलोचं, शेजारी पाण्याची टाकी, हवा कोमट आणि ओली करून देणारं. घरासाठी उत्तम. मग सीझन आला आणि मी ते घेऊन फिरायला लागलो. मशीन, अडॅप्टर, सहा फुटी नळी, मास्क, डिस्टिल्ड वॉटरची बाटली, या सगळ्याची एक वेगळी पिशवी, हत्यारांच्या पिशवीशिवाय. एसटीत ती मांडीवर घ्यायची, कारण वर ठेवली आणि खड्डा आला तर संपलं. टाकीत पाणी राहिलं आणि मशीन आडवं झालं तर पाणी आत शिरतं. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं, मारेगावच्या वाटेवर, ते कसं ते विचारू नका. डिस्टिल्ड वॉटर खेड्यात मागितलं की लोक बॅटरीचं पाणी आणून देतात. हमालांच्या खोलीत पहिल्यांदा मास्क लावला तेव्हा सगळे उठून बसले. "भाऊनं सक्शन लावलं," एक म्हणाला. दुसरा धंद्यात मुरलेला, तो म्हणाला, "सक्शन नोहे, ब्लोइंग हाय. हवा आत चाल्ली ना." रात्री अंधारात त्या वादावर ते अर्धा तास बोलत होते आणि मी नाकात हवा घेत पडून होतो, तोंड उघडलं तर बोलता येत नव्हतं, हवाच बाहेर यायची. असं दोन आठवडे केलं. मग पिशवी जड वाटायला लागली, मग 'दोनच रात्रींचं काम आहे' असं वाटायला लागलं, आणि मशीन घरीच राहायला लागलं. कोणतंही मशीन ज्या दिवशी उचलायला जिवावर येतं त्या दिवशी ते बिघडलेलंच समजावं, असं मी माझ्या हाताखालच्या पोरांना शिकवतो.

म्हणून लहान मशीन. म्हणून धंतोली. आणि म्हणून ती चार माहितीपत्रकं, जी मी त्या रात्री घरी बल्बखाली पसरून बसलो. सगळ्यांवर एकच माणूस. म्हणजे वेगवेगळे, पण एकच: इस्त्रीचा शर्ट, चाकांची बॅग, मागं विमान. एकानं तर विमानातच मास्क लावून डोळे मिटले होते. एकाही पत्रकावर एसटी नव्हती. मशीन मात्र खरोखर चिमुकली. रेसमेडचं एअरमिनी 300 ग्रॅमचं, म्हणजे जेमतेम सव्वा पाव. ब्रिआसचं झेड-2 साधारण तेवढंच. तळहातावर मावतात. पण लहान मशीन मोठ्याहून स्वस्त असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. दुकानातल्या पोरीनं सांगितलेली किंमत मी सवयीनं कापसात मोजली. 2024-25 च्या लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये. त्या भावानं साडेआठ क्विंटल. कोरडवाहूत पाऊस बरा झाला तर दोन एकरांचा माल, आणि तोही भाव मिळाला तर. बायको म्हणाली, घ्या. मी म्हणालो, पाहू. एका ओळखीच्यानं जुनं, वापरलेलं देतो म्हणून फोन केला. त्याला मी नाही म्हणालो. 2021 च्या जूनमध्ये फिलिप्सनं लाखो मशीन परत मागवल्या होत्या, त्यांत त्यांचं प्रवासाचं मशीनही होतं. आवाज दाबायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याची भीती होती. ब्लोअरच्या पुढं झिजणारी वस्तू बसवायची नाही, हे आमच्या धंद्यात पोरालाही माहीत असतं. जुनं मशीन कोणत्या सालचं, कोणत्या घरचं, हे नीट समजल्याशिवाय नाकाला लावू नये.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. तीच पोरगी. दोन मशीन दोन-दोन रात्री वापरून पाहायला दिली, अनामत ठेवून. पहिलं ऐकलं आणि कपाळावर आठी आली. मोठं मशीन घरी श्वास सोडल्यासारखं चालतं, याचा स्वर वरचा, बारीक, डासासारखा नाही पण डासाच्या गल्लीतला. ते होणारच. पंखा लहान झाला की तेवढाच दाब काढायला त्याला जास्त वेगानं फिरावं लागतं, आणि वेग वाढला की स्वर चढतो. पत्रकात त्याला डेसिबलचे आकडे देतात. मोठ्याचे 27, लहानाचे 30, फरक तीनचा. कान आकडे ऐकत नाही, स्वर ऐकतो. शांत घरात बायकोला तो टोचला. पण मी ते मशीन घेऊन चालत्या जिनिंगमध्ये झोपलो तेव्हा ते मला ऐकूच आलं नाही. उशाशी हात ठेवून थरथर पाहिली तेव्हा कळलं, चालू आहे. माझ्यासारख्याला आवाजाचं काय ते ओझं.

पाण्याचं ओझं मात्र होतं. एअरमिनीत टाकी नसते. मास्कच्या नळीत एक बोटभर डबी बसवतात, ती आपण सोडलेल्या श्वासातला ओलावा धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत देते. पाकीट फोडलं की महिनाभर चालते, मग नवी. युक्ती मला फार आवडली. मडक्याला ओलं फडकं गुंडाळण्याच्या जातीची युक्ती. पण ती डबी फक्त नाकाच्या मास्कांबरोबर चालते. तोंड झाकणाऱ्या मोठ्या मास्कबरोबर नाही. शिवाय त्या मशीनला कोणताही मास्क जोडता येत नाही, त्याचे ठरलेलेच घ्यावे लागतात. झेड-2 ला मात्र साधी नळी लागते, म्हणजे घरचाच मास्क चालतो. हे सगळं ऐकताना मला रोलरच्या दोन कंपन्या आठवल्या, सुटे भाग एकमेकांना बसत नाहीत ते. मी मिशीवाला, मोठा मास्क माझ्या मिशीतून तसाही गळतो, म्हणून नाकाचाच घेतला. पौषात आमच्याकडची रात्र कोरडी असते आणि वैशाखात तर नाकातून रक्त येईल इतकी. त्या डबीनं पौष निभावला. वैशाखात मी घरीच असतो, घरी टाकी आहे. ज्याला वैशाखात फिरावं लागतं, त्यानं हा हिशेब वेगळा करावा.

आणि रुई. त्याबद्दल पत्रकात काय असणार. जिनिंगच्या हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, भिंतीवर, दिव्याच्या तारेवर, भुवयांवर बसतात. मशीनच्या मागे एक छोटा चौकोनी फिल्टर असतो, नखाएवढा म्हणा. तिसऱ्या दिवशी काढून पाहिला तर त्यावर पांढरी, मऊ, बारीक गादी तयार झालेली. मी ती बोटावर घेऊन कितीतरी वेळ पाहत बसलो. इतकी वर्षं हे सगळं कुठं जात होतं, असा प्रश्न पडला आणि मी तो तिथंच सोडला. आता फिल्टरची अख्खी पट्टी बरोबर ठेवतो.

सगळ्यात मोठी गोष्ट लाइटची. लहान मशीनचा अडॅप्टर 20 वॅटचा, घरच्याचा 90 चा. कारण उघड आहे, पाणी तापवायचं नाही. एवढ्याशा लोडला जिनिंगच्या ऑफिसातला इन्व्हर्टर रात्रभर पुरतो. मात्र तो इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लाटेचा असेल तर अडॅप्टर गुणगुणतो आणि गरम होतो. मोबाइलची साधी पॉवर बँक लावून चालत नाही, मशीनला 24 व्होल्ट लागतात. त्याची बॅटरी वेगळी, किंमत वेगळी, ती मी पुढच्या सीझनवर ढकलली आहे. गाडीच्या बॅटरीवरून मशीनला चोवीस व्होल्ट देणारा कन्व्हर्टर घेतला, ट्रकच्या केबिनसाठी. रेल्वेत सॉकेट बहुतेक 110 व्होल्टचा असतो, त्यावर अडॅप्टर चालतो, पण रात्री अकरा ते पहाटे पाच ते सॉकेट बंद ठेवायचं रेल्वेनं 2021 मध्ये ठरवलं. आगीच्या भीतीनं. बरोबरच आहे. पण नेमका झोपायच्या वेळी.

मशीन ठरल्यावर, पैसे मोजताना, मी त्या पोरीला विचारलंच. म्हटलं, मागं तू विचारलंस, झोपता कुठे, ते का? तिला आठवेना. मग म्हणाली, "ते होय! उशाशी प्लग असतो का, ते विचारायचं असतं सर. याची वायर लहान असते. बरेच पेशंट घरी नेतात आणि मग फोन करतात, पुरत नाही म्हणून." एवढंच. मी इतके दिवस त्या प्रश्नाचं ओझं उचललं होतं आणि तिला वायरची लांबी हवी होती. बाहेर पडल्यावर एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून दहा फुटी वायरचा एक्स्टेंशन बोर्ड घेतला. साडेआठ क्विंटलच्या मशीनइतकंच काम तो करतो. देवळात प्लग गाभाऱ्याच्या कोपऱ्यात असतो, हमालांच्या खोलीत दाराच्या वर पंख्याच्या बटनाशी, ओसरीवर नसतोच, खिडकीतून आत टाकावा लागतो. घरातल्या बाईला 'वहिनी, जरा बोर्ड लावता का' म्हणावं लागतं. ती विचारते, मोबाइल का? आपण म्हणतो, नाही, श्वास.

या पौषात पुन्हा वणीकडं गेलो, त्याच जिनिंगला. दार अजून लागत नाही. चौकीदार तोच, मफलर बहुतेक तोच. पहिल्या रात्री मी मास्क लावून पडलो, जिन चालू होत्या, डोळा लागला. केव्हातरी चेहऱ्यावर बॅटरीचा उजेड आला. म्हातारा वाकून पाहत होता. घोरणं ऐकू येत नव्हतं म्हणून आलेला. मास्कच्या बारीक भोकांतून हवा सुटत असते, तिथं त्यानं हाताचा पंजा धरला, जरा वेळ धरून ठेवला. "चालू हाय," असं स्वतःशीच म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास लाइन गेली. अख्खं जिनिंग एका दमात गप्प. मी उठून बसलो, मास्क ओढून काढला. मशीन बंद पडल्यावर नाकाशी जी कोंदट ऊब होते ती मला सहन होत नाही. इन्व्हर्टरच्या रांगेला ही खोली जोडलेली नव्हती. दाराबाहेर स्टुलाचा आवाज झाला. "लाइन गेली," म्हातारा अंधारातून बोलला. "झोपा तुम्ही. मी बसून हावो." मी नको-नको म्हणालो, पण आडवा झालो. झोप काही आली नाही. थंडी खिडकीच्या फटीतून येत होती, गंजीवरून सरकीचा वास येत होता, लांब कुठंतरी शेतात रात्रीच्या पाळीचं पाणी देणाऱ्याची बॅटरी हलत होती. म्हणजे शेताच्या फीडरला लाइन होती, आम्हालाच नव्हती.

थोड्या वेळानं स्टुलावरून घोरणं ऐकू यायला लागलं. भिंतीला डोकं टेकून, बसल्या बसल्या, म्हातारा झोपला होता. बरं वाटलं. जुनं, ओळखीचं घोरणं, जरा चढत जाणारं, वर गेलं की खरखरणारं. मी पांघरूण ओढून कुशीवर वळलो.

मग ते थांबलं.

मी मोजायला लागलो. चार, पाच, सहा. पाय खाली टाकले, चपला शोधल्या. नऊ. दहा. अकरा.